ब्रेक-बॅरल एअर रायफलवर स्कोप बसवणे आणि झिरो करणे: क्लिक सगळ्यात शेवटी

नवा स्कोप लावला, वीस-तीस छर्रे मारले, टरेट (स्कोपवरच्या, एकेका क्लिकने नेम सरकवणाऱ्या चकत्या) इकडे-तिकडे फिरवले आणि तरी छर्रे कागदावर वाटेल तिथे लागतायत. झिरो करताना, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच छर्रा लागेल असे जुळवताना, ही तक्रार इतक्यांकडून येते की कारण आता पाठ झाले आहे. बहुतेक वेळा स्कोप चांगला असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम. टरेट फिरवणे हे शेवटून दुसरे काम आहे, लोक त्यालाच पहिले काम समजतात.

ब्रेक-बॅरलमध्ये हा क्रम पाळावाच लागतो, कारण इथे स्कोप एका तुकड्यावर असतो आणि नळी दुसऱ्या. स्कोप बसतो मागच्या कॉम्प्रेशन ट्यूबवर. नळी बिजागरीवर, म्हणजे पिव्होटवर असते आणि प्रत्येक छऱ्याला उघडते-मिटते. त्यात चाप ओढल्यावर पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन ट्यूबच्या टोकाशी थांबतो तेव्हा ती झटक्याने पुढे जाते. हे दोन्ही धक्के छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आसपासच बसतात. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) किंवा काडतुसाच्या रायफलचे व्हिडिओ बघून केलेली मांडणी म्हणूनच इथे फसते.

टप्पा १: आधी रायफल, मग स्कोप

स्कोप डब्यातच राहू द्या. पहिल्यांदा दस्त्याचे स्क्रू बघा: पुढच्या भागात दोन्ही बाजूंना असलेले आणि ट्रिगर गार्डजवळचे. स्प्रिंगच्या कंपनाने ते सैल होतातच. घट्ट करा, पण लाकडात वॉशर रुतेपर्यंत पिळू नका.

मग पिव्होट. नळी बंद असताना तिचे टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. जराही खडखड असेल, तर जगातला कुठलाही स्कोप तुमचा नेम बसवू शकणार नाही. दुसरी चाचणी अशी: रायफल कॉक करून (नळी मोडून आतली स्प्रिंग दाबून) नळी अर्धवट उघडी धरा आणि हाताचा आधार किंचित सैल करा, हात मात्र नळीलगतच ठेवा. नळी आहे तिथेच थांबली तर पिव्होटचा ताण ठीक आहे. ती आपोआप खाली पडत असेल तर पिव्होट बोल्ट थोडा आवळावा लागेल. तिथे लॉकिंग स्क्रू असेल तर तो आधी काढा.

> इशारा: नळी उघडी असताना चापाजवळ बोट नेऊ नका आणि छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट ठेवा. उघड्या नळीत चाप सुटला तर ती वर आपटते. बोटे चिरडतात, दस्ता फुटतो, नळी वाकते. छर्रा न भरता रिकामी मारणेही नको. पुढे हवेची उशी नसल्याने पिस्टन थेट आपटतो आणि सील व स्प्रिंग दोन्ही जातात.

ब्रीच सील, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाभोवतीची रबरी कडी, चपटी किंवा चिरलेली आहे का बघा. बंद सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून एक छर्रा मारा. पट्टी उडाली तर हवा गळते आहे, आणि गळती असेल तर वेग दर वेळी वेगळा.

रायफल कोरी असेल तर थोडा धीर धरा. आतल्या जास्तीच्या तेलामुळे सुरुवातीला धूर येतो, कधी मोठा आवाज होतो, वेग वर-खाली होतो. पहिले काही शे छर्रे ओपन साइटवरच (रायफलच्या मूळच्या, बिनभिंगाच्या नेमावर) मारा. त्याआधी केलेला झिरो टिकत नाही.

याच काळात छर्रा निवडा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ०.१७७, म्हणजे ४.५ मिमीच्या रायफलला साधारण ७ ते ८.५ ग्रेनचा (ग्रेन हे छऱ्याच्या वजनाचे एकक) छर्रा चालतो. तीन-चार प्रकारचे डबे आणा, प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे मारून बघा आणि सर्वांत लहान ग्रुप (कागदावरचा छऱ्यांचा पुंजका) देणारा पक्का करा. छऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.५० की ४.५२ मिमी, एवढ्यानेही फरक पडतो. एकदा ठरला की झिरो होईपर्यंत बदलायचा नाही. मला विचाराल तर स्कोपवर आणखी पैसे घालण्यापेक्षा या डब्यांवर घातलेले बरे.

टप्पा २: स्कोप आणि माउंट तपासणे

स्कोप एअरगनसाठी बनवलेला आहे, हे खोक्यावर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. काडतुसाच्या रायफलचा स्कोप मागच्या धक्क्याला टिकतो, पुढच्या उलट्या धक्क्याला टिकेलच असे नाही. महागडा स्कोपही आतून सुटा झालेला मी पाहिला आहे. दुसरी गोष्ट पॅरॅलॅक्सची. साधे रायफल स्कोप बहुधा १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. तुम्ही मारणार १० ते ३० मीटरवर. तिथे डोळा किंचित सरकला तरी क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकते. पुढच्या भिंगावर किंवा बाजूला फोकसची कडी असलेला आणि जवळात जवळ १० यार्डांवर स्पष्ट दिसणारा स्कोप घ्या. ४×३२ किंवा ३-९×४० पुरेसा आहे.

माउंट, म्हणजे स्कोप रायफलला धरणारा भाग, घेण्याआधी रायफलवरची खाच बघा. ११ मिमीचे डोव्हटेल आणि रुंद पिकॅटिनी रेल यांचे माउंट एकमेकांवर बसत नाहीत, जबरदस्तीने आवळले तर खाच बिघडते. स्कोपच्या नळीचा व्यास २५.४ मिमी आहे की ३० मिमी, त्यानुसार रिंग. स्प्रिंगच्या रायफलला मी दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट आणि त्याला खालून स्टॉप पिन (माउंट सरकू न देणारी खीळ), हेच सुचवेन.

टप्पा ३: स्कोप मध्यावर आणणे

हे काम जवळजवळ सगळे वगळतात. नवा स्कोपही मध्यावरच असेल असे नाही, आणि वापरलेला तर नक्कीच नसतो.

वरचा टरेट एका टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवा. तिथून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत जा आणि जितके आले त्याच्या निम्मे परत या. बाजूच्या टरेटचे तसेच करा. मग एकदा वरच्याचे पुन्हा मोजा, कारण एक टोकाला असताना दुसऱ्याची फेरी कमी भरते.

> तपासणी: पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन कडांना इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा पाडा, स्कोप त्यात ठेवा आणि दूरच्या एका ठिपक्यावर क्रॉसहेअर आणा. खोके न हलवता स्कोप जागच्या जागी गोल फिरवा. क्रॉसहेअर ठिपक्यावरच राहिले तर स्कोप मध्यावर आहे. गोल फिरू लागले तर त्या वर्तुळाच्या निम्म्याने दुरुस्ती करा.

टोकाला गेल्यावर टरेट जोर लावून पुढे ढकलू नका. मध्यावरचा स्कोप पुढे टप्पा ६ मध्ये नळीचा झुकाव ओळखायला लागणार आहे.

टप्पा ४: बसवणी

रेलवरचे तेल सर्जिकल स्पिरिटने पुसा, माउंटचे जबडे आणि रिंगांची आतली बाजूही. तेलकट पृष्ठभागावर कितीही आवळा, माउंट सरकणारच.

रायफल झटक्याने पुढे जाते तेव्हा जड स्कोप जागीच राहू पाहतो. म्हणजे रायफलच्या मानाने तो मागे सरकतो. म्हणून स्टॉप पिन ट्यूबवरच्या भोकात नीट उतरली पाहिजे. भोक नसेल तर माउंटच्या लगेच मागे वेगळा स्टॉप ब्लॉक आवळा. पिन भोकात न बसवता नुसती ट्यूबवर टेकवून आवळणे ही नेहमीची चूक आहे. त्याने माउंट एका बाजूने उचलला जातो.

आता रिंगांचे वरचे अर्धे ठेवा, स्कोप हाताने फिरेल-सरकेल इतपतच स्क्रू लावा. झूम सर्वांत जास्त ठेवा. डोळे मिटून रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप मागे-पुढे करा. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर मान ताणू नका, स्कोप सरकवा. डोळ्यापासूनचे अंतर बहुधा ७५ ते १०० मिमी येते.

क्रॉसहेअर उभे करायला गवंड्याचा ओळंबा उत्तम. दहा मीटरवर दोरीला वजन बांधून लटकवा आणि वारा लागणार नाही असे बघा. रायफल टेकूवर ठेवा, रेलवर छोटी लेव्हल बॉटल आडवी ठेवून ती सरळ करा, आणि मग स्कोप फिरवून उभी रेघ दोरीवर आणा. नुसत्या अंदाजाने केले तर बहुतेकांचा स्कोप थोडा तिरका बसतो. मग वर क्लिक केले की छर्रा वर जाताना बाजूलाही सरकतो, आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो.

स्क्रू कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, पाव-पाव फेरीने आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. टॉर्क पाना असेल तर रिंगच्या स्क्रूंना सुमारे १.७ ते २ न्यूटन-मीटर. नसेल तर एलन कीचा लांब भाग स्क्रूमध्ये घाला आणि आखूड भाग दोन बोटांनी फिरवा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त जोर लागत नाही. आवळताना स्कोप थोडा फिरतो, म्हणून शेवटी ओळंब्यावर पुन्हा बघा.

> तपासणी: रिंग आणि स्कोपच्या नळीवर मिळून एक बारीक रेघ पांढऱ्या पेंटने ओढा, माउंट आणि रेलवर दुसरी. पुढे काहीही शंका आली की पहिली नजर या दोन रेघांवर.

टप्पा ५: जागा आणि पकड

छर्रा चुकला तरी काही शे मीटर जातो. मागे मातीचा बांध किंवा जाड भिंत, आणि लक्ष्यामागे जुन्या कपड्यांनी दाबून भरलेले खोके हवे. दगड, पत्रा, गच्चीचा कठडा यांवरून छर्रा उलटतो. चष्मा घाला, शेजारी उभ्या असलेल्यालाही द्या. झाडावरच्या पाखरावर झिरो तपासायचा मोह असेल तर रायफल आत ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली शिकार हा गुन्हा आहे. छर्रे शिशाचे असतात, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

आता पकड. स्प्रिंगची रायफल बायपॉडवर, टेबलावर किंवा वाळूच्या कडक पिशवीवर थेट टेकवली की धक्क्याने उसळते आणि छर्रा भलतीकडे जातो. डावा तळवा उघडा ठेवून पिशवीवर टेकवा आणि रायफल त्या तळव्यावर नुसती ठेवा, बोटांनी धरू नका. खांद्याला हलकासा स्पर्श, उजव्या हाताची सैल मूठ. रायफल तिला हवी तशी हलू द्यायची, फक्त दर वेळी सारखी. याला आर्टिलरी होल्ड म्हणतात. तळवा ट्रिगर गार्डजवळ की पुढे, हे प्रत्येक रायफलचे वेगळे असते. ते शोधा आणि दस्त्यावर टेपची खूण करा. ज्यांना मजबूत धरायची सवय आहे त्यांना हे पटायला वेळ लागतो, पण ग्रुप निम्म्यावर येतो तो याच एका बदलाने.

नेम स्थिर झाल्यावर क्षणभर डोळे मिटा आणि उघडा. क्रॉसहेअर हललेले दिसले तर तुम्ही रायफल ओढून धरली होती. सगळे शरीर थोडे वळवा, हाताने ढकलू नका.

टप्पा ६: पहिले छर्रे आणि झुकलेली नळी

पाच मीटरवर मोठा कोरा कागद, मधोमध एक ठिपका. पाच छर्रे मारा. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून साधारण ४५ मिमी उंच असतो, त्यामुळे इथे छर्रे ठिपक्याच्या अडीच-तीन सेंटीमीटर खाली लागणे बरोबरच आहे. पाच मीटरवर ठिपक्यात आणायचा प्रयत्न करू नका. २० मीटरवर मग तो खूप वर जाईल. इथे फक्त डावे-उजवे साधारण जुळवा.

आता २० मीटरवर जा. पुन्हा पाच छर्रे. ग्रुप ठिपक्याच्या खाली १० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर नळी स्कोपच्या मानाने खाली झुकलेली आहे. बऱ्याच ब्रेक-बॅरल अशाच असतात. त्यात बिघाड काही नाही, ओपन साइट नळीवरच असल्यामुळे तिथे हा झुकाव कळत नाही.

इथे लोक वरचा टरेट फिरवत जातात. टोकाजवळ गेल्यावर स्कोपच्या आतल्या नळीला धरून ठेवणारी स्प्रिंग सैल पडते, आणि प्रत्येक धक्क्याला क्रॉसहेअर थोडे हलते. मग ग्रुप उभा पसरतो आणि स्कोप खराब आहे असे ठरवून तो विकला जातो.

योग्य उपाय: मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्यात पट्टी घालून स्कोपचे मागचे टोक उचला. जाडी काढणे सोपे आहे. जितके खाली लागते ते गुणिले दोन रिंगांमधले अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. सगळे मिलिमीटरमध्ये. १०० मिमी खाली, रिंगांत १०० मिमी, लक्ष्य २०,००० मिमी दूर, म्हणजे अर्धा मिमी. एवढी जाडी एकदम घातली तर स्कोपची नळी वाकण्याची भीती असते. जुन्या फोटो निगेटिव्हच्या फिल्मचे दोन थर घाला, साधारण पाव मिमी होतात. निम्मे काम तिथे होते, बाकीचे क्लिकने. झुकाव यापेक्षा मोठा असेल तर पट्ट्यांचा ढीग रचू नका, मागून उंच असलेला किंवा उंची बदलता येणारा माउंट घ्या.

> इशारा: पुढच्या रिंगखाली पट्टी घातली तर छर्रे आणखी खाली जातील.

टप्पा ७: आता क्लिक

टरेटवर पाव एमओए (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) लिहिले असेल तर १०० मीटरवर एक क्लिक सुमारे ७.३ मिमी. २० मीटरवर त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे साधारण १.४५ मिमी. १० मीटरवर ०.७३ मिमी. 'दोन क्लिक दिले, काहीच झाले नाही' याचे उत्तर या आकड्यांत आहे: तीन मिमीचा फरक तुमच्या ग्रुपमध्येच विरघळतो.

पाच छर्रे मारा, ग्रुपचा मध्य पेन्सिलने ठरवा आणि तिथून ठिपक्यापर्यंत पट्टीने मोजा. समजा ग्रुप २९ मिमी खाली आणि १५ मिमी उजवीकडे आहे. वर २० क्लिक, डावीकडे १०. टरेटवरचा बाण छर्रा कुठे सरकेल ते दाखवतो, क्रॉसहेअर कुठे सरकेल ते नाही. यात फार जण उलटे फिरवतात.

मोठा बदल केला की दोन-तीन छर्रे न मोजता मारा, आतले भाग बसू द्या. मग पुन्हा पाच. एका छऱ्यावरून कधीही टरेटला हात लावू नका. तो छर्रा तुमच्या श्वासाचा असू शकतो, वाकड्या स्कर्टचा (छऱ्याच्या मागच्या पोकळ कडेचा) असू शकतो. वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी हे काम करा.

साध्या रायफलने २० मीटरवर पाच छर्रे अडीच-तीन सेंटीमीटरमध्ये येत असतील तर पुढे जा. चार सेंटीमीटरहून मोठा ग्रुप असेल तर थांबा, कारण त्याचा मध्यच खरा नाही. ग्रुपचा आकार बघा. उभा पसरला असेल तर टरेट टोकाला आहे, तळव्याची जागा बदलते आहे किंवा आत अजून तेल जळते आहे. आडवा असेल तर मूठ आवळली जाते, गाल दर वेळी वेगळा टेकतो किंवा पिव्होट सैल आहे. कागदावर दोन वेगळे पुंजके पडले तर सैल स्क्रू किंवा नीट न मिटणारी नळी. नळी दर वेळी सारख्या जोराने मिटवा, पण आपटू नका. आणि ग्रुप प्रत्येक वेळी एकाच दिशेने थोडा थोडा सरकत असेल तर टप्पा ४ मधल्या पेंटच्या रेघा बघा, माउंट चालला आहे.

टप्पा ८: बाकीची अंतरे

२० मीटरचा झिरो म्हणजे सगळ्या अंतरांचा झिरो नव्हे. स्कोप ४५ मिमी उंच आणि छर्रा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने सुटतो असे धरले, तर ३ मीटरवर तो साधारण तीन सेंटीमीटर खाली, १० मीटरवर एक सेंटीमीटर खाली, १५ ते २० मीटर जवळजवळ ठिपक्यावर आणि ३० मीटरवर पुन्हा दोन-तीन सेंटीमीटर खाली लागेल. हा हिशेब आहे. तुमच्या रायफलचे आकडे कागदावर मारूनच मिळतील. ५, १०, १५, २५, ३० मीटरवर एकेक ग्रुप मारा, टरेट न फिरवता. मोजलेले आकडे चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लावा, छऱ्याचे नाव आणि वजनही त्यावरच.

नंतर टरेटची तबकडी शून्यावर आणा आणि टोपी लावा. रायफल कॉक करून ठेवू नका. पावसाळ्यात नळीला बाहेरून तेलाचा हात फिरवा, पण कॉम्प्रेशन ट्यूबच्या भोकात तेल सोडू नका. ते पुन्हा जळेल आणि झिरो हलेल.

कधीतरी तो हलतोच. तेव्हा त्याच डब्यातले पाच छर्रे, तीच पकड, तेच अंतर. मग दस्त्याचे स्क्रू, पिव्होट, पेंटच्या रेघा, रिंगचे स्क्रू, याच ओळीने. सगळे जागेवर असूनही दुसरा ग्रुप त्याच ठिकाणी लागला, तरच टोपी काढा आणि मोजून क्लिक द्या.